तीन नावांचं एक जपानी जर्नल

एमडीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टर मुलीनं विचारलं आहे: “माझा थीसिस असा आहे की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला आणि घरच्यांना आजाराचं नाव सांगितलं जातं का, आणि सांगितलं तर कोणत्या शब्दांत. गाइड म्हणतात, ‘सायकिअ‍ॅट्री अँड क्लिनिकल न्यूरोसायन्सेस’ला पाठवून बघ. हे जपानी जर्नल किती जुनं आहे? जपानबाहेर कुणी वाचतं का? आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एकदम बारापर्यंत जाऊन पुन्हा पाचवर कसा आला?”

मी गेली सव्वीस वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करते आहे. हे जर्नल, आमच्या बोलण्यात नुसतं ‘पीसीएन’, मी शिकत असल्यापासून चाळते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही हे जर्नल वाचत असा वा नसा, त्यातल्या एका निबंधाचा उपयोग तुम्ही रोज ओपीडीत करता. बायपोलरच्या, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा आजाराच्या पेशंटला कार्बामाझेपिन लिहून देता ना? मिरगीची ही गोळी उन्मादावर चालते आणि या आजाराचे पुढचे उद्रेकही लांबवते, हे इंग्रजीत सविस्तर मांडणारा सुरुवातीचा महत्त्वाचा निबंध याच जर्नलमध्ये आला. साल 1973, खंड 27, पान 283 पासून पुढे. लेखक ओकुमा तेरुओ आणि त्यांचे सहकारी, जपानच्या पश्चिमेकडच्या योनागो गावातल्या तोत्तोरी विद्यापीठाचे. तोक्यो नाही, क्योतो नाही, समुद्रकाठचं एक लहान शहर. तेव्हा जर्नलचं नाव ‘फोलिया सायकिअ‍ॅट्रिका एट न्यूरोलॉजिका जापोनिका’ असं लॅटिन होतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जपानमध्ये लिथियमला, म्हणजे बायपोलरवरच्या नेहमीच्या औषधाला, मंजुरी मिळाली ती 1980 मध्ये. म्हणजे सत्तरच्या दशकात युरोपातले डॉक्टर लिथियम देत होते तेव्हा जपानी डॉक्टरांच्या हातात ते रीतसर नव्हतं. मिरगीच्या पेशंटना कार्बामाझेपिन दिलं की त्यांची चिडचिड कमी होते, मूड स्थिरावतो, हे अनेकांच्या नजरेत आलं होतं. ताकेझाकी आणि हानाओका या दोघांनी 1971 मध्ये उन्मादाच्या पेशंटवरचा अनुभव जपानी भाषेत छापलाही. पण जपानीत छापलेलं बाहेर कोण वाचणार? ओकुमांचा निबंध इंग्रजीत होता, म्हणून तो समुद्रापार गेला. पुढे अमेरिकेत बॅलेंजर आणि पोस्ट यांनी 1980 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि मग हे औषध जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, बायपोलरसाठी कार्बामाझेपिनच्या एका प्रकाराला मान्यता दिली ती 2004 मध्ये. योनागोच्या निबंधाला तोवर एकतीस वर्षं झाली होती.

माझ्याकडे पूर्वी उसाच्या पट्ट्यातून एक आई आपल्या मुलाला घेऊन येत असे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा दोन-तीन वर्षांतून एकदा उधळायचा. झोप नाही, कर्ज काढून बैल आणायचा, गावभर भांडणं. लिथियम द्यावं तर रक्तातली पातळी तपासायची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की ती पातळी कधी वर जाईल याचा नेम नाही. मी कार्बामाझेपिन सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ दोनशे. त्या माउलीला एवढंच पुन्हा पुन्हा बजावलं, की अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी या. ती रिकामी पाकिटं रबर लावून डब्यात ठेवायची आणि दर महिन्याला माझ्या टेबलावर मोजून दाखवायची. मला जर्नलचा आवाका कुणी विचारला की आधी तो डबा आठवतो.

आता इतिहास. मूळ 1902 चं आहे. त्या वर्षी तोक्योत कुरे शूझो आणि मिउरा किन्नोसुके या दोघांनी एक संस्था काढली आणि तिचं जपानी भाषेतलं मासिक सुरू केलं. कुरे मनोविकारांचे, मिउरा मेंदू-मज्जासंस्थेचे. दोन्ही विषय तेव्हा एकाच छपराखाली होते. कुरे नुकतेच युरोपात चार वर्षं काढून परतले होते, व्हिएन्ना आणि हायडेलबर्ग करून, आणि जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनची आजारांची वर्गवारी त्यांनीच जपानात रुजवली. मनोरुग्णांच्या इस्पितळाचा कारभार हाती येताच त्यांनी पेशंटच्या हातापायांच्या बेड्या काढायला लावल्या.

कुरेंच्या एका कामाविषयी थोडं थांबून सांगते. जपानमध्ये 1900 च्या कायद्यानं मनोरुग्णाला घरातच कोंडून ठेवायची परवानगी होती. त्यासाठी घरात किंवा आवारात लाकडी गजांची खोली करत आणि पोलिसांत नोंद करत. कुरेंनी 1910 ते 1916 या काळात आपल्या सहायकांना सुट्टीत वेगवेगळ्या प्रांतांत पाठवलं. त्यांनी अशा साडेतीनशेहून जास्त खोल्या प्रत्यक्ष पाहिल्या, मापं घेतली, नकाशे काढले, फोटो काढले. कुरे आणि काशिदा गोरो यांनी तो अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लिहिलं की या देशातल्या मनोरुग्णांच्या नशिबी दोन दुर्दैवं आहेत, एक हा आजार होण्याचं आणि दुसरं या देशात जन्मण्याचं. मी शिकत असताना हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं, कारण साखळीनं खाटेला बांधलेला माणूस मी तोवर आपल्याकडच्या एका वाडीत पाहून आले होते. जपानी मानसोपचाराचा पाया घालणाऱ्या माणसानं घरोघरी जाऊन खोल्या मोजायला लावल्या, हे मला फार मोठं वाटतं. तुमचा थीसिसही त्याच जातीचा आहे: नातेवाइकांशी नेमकं काय बोललं जातं ते जाऊन मोजणं.

1902 चं ते मासिक जपानीत होतं आणि आजही जपानीतच निघतं. पीसीएन ती वेगळी शाखा. 1933 मध्ये ‘फोलिया’ सुरू झालं ते युरोपीय भाषांत लिहिण्यासाठी. जपानी वैद्यक तेव्हा पुरतं जर्मन वळणाचं होतं. जपानी डॉक्टर केसपेपरला आजही ‘कारुते’ म्हणतात, तो जर्मन ‘कार्टे’च. अशा वातावरणात लॅटिन नाव घेणं म्हणजे युरोपातल्या विद्वानांच्या दारावर त्यांच्याच पद्धतीनं थाप मारणं होतं.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत, हे खंडांच्या आकड्यांवरूनच कळतं. 1933 पासून दर वर्षी एक खंड निघाला असता तर 1973 चा खंड एक्केचाळिसावा असता. तो आहे सत्ताविसावा. मधे युद्ध, पराभव आणि बेचिराख शहरं होती. आपल्या लायब्ररीत जुना अंक मागवताना साल आणि खंड यांची सांगड मनानं घालू नका, फसाल.

युद्धानंतर जर्मनची जागा इंग्रजीनं घेतली. 1960 मध्ये न्यूरोलॉजिस्टांनी आपली स्वतंत्र संस्था काढली आणि एका छपराखालचे दोन भाऊ वेगळे झाले. मग 1969 आलं. कानाझावा शहरात भरलेल्या मानसोपचार संस्थेच्या अधिवेशनात तरुण डॉक्टरांनी प्राध्यापकांना जाब विचारला: विद्यापीठातली सरंजामी, पेशंटवर परवानगीविना होणारं संशोधन, खाजगी इस्पितळांत वर्षानुवर्षं डांबलेली माणसं. त्यानंतर कित्येक वर्षं संस्थेची अधिवेशनं शास्त्रीय निबंधांऐवजी या वादांनीच गाजली. 1975 मध्ये संस्थेनं मेंदूवरच्या मानसशल्यक्रियेच्या विरोधात ठराव केला. ओकुमांचा निबंध याच गदारोळाच्या वर्षांत आला, हे लक्षात घेतलं तर योनागोतल्या त्या चिकाटीबद्दल आदर आणखी वाढतो. आंदोलकांचे प्रश्न मात्र खरे होते, असं माझं ठाम मत आहे. 1984 मध्ये उत्सुनोमिया इथल्या इस्पितळात पेशंटना झालेल्या मारहाणीचं आणि मृत्यूंचं प्रकरण बाहेर आलं, जगभर टीका झाली आणि 1987 मध्ये कायदा बदलावा लागला. लोकसंख्येच्या मानानं मानसोपचाराच्या सर्वांत जास्त खाटा जपानमध्येच आहेत. तिकडून आलेला कोणताही इस्पितळातला अभ्यास वाचताना हे डोक्यात ठेवा: तिथला ‘ॲडमिट’ पेशंट आणि आपल्याकडचा दहा दिवसांत घरी जाणारा पेशंट एक नव्हेत.

1986 मध्ये लॅटिन नाव गेलं आणि ‘जॅपनीज जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री अँड न्यूरोलॉजी’ झालं. या वर्षांतले अंक उघडलेत तर मिरगी, ईईजी आणि झोप यांवरचे निबंध भरपूर दिसतील. 1995 मध्ये तिसरं नाव आलं, तेच आजचं. तीन नावं एका ओळीत ठेवून पाहा. पहिल्यात देश होता पण लॅटिनच्या मागे. दुसऱ्यात देश सर्वांत पुढे, साध्या इंग्रजीत. तिसऱ्यात देशाचं नावच नाही. माझ्या मते जर्नलच्या आवाक्याची गोष्ट या तीन नावांत आहे. आधी ‘आम्हालाही वाचा’, मग ‘हे आमचं’, आणि नंतर ‘कुणीही लिहा’. बंगळुरू, तैपेई, सोल, चंडीगड इथले लेखक त्यात सर्रास दिसतात ते या तिसऱ्या नावामुळे. आज ते जपानी मानसोपचार संस्थेचं अधिकृत इंग्रजी मासिक आहे, छापते वाइली ही प्रकाशनसंस्था. 2022 पासून ‘पीसीएन रिपोर्ट्स’ नावाचं सर्वांना मोफत वाचता येणारं भावंडही निघतं.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. या आकड्यापायी तरुण डॉक्टरांची झोप उडते म्हणून नीट सांगते. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला या वर्षी किती जणांनी संदर्भ दिला, त्याला त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येनं भागायचं. यातली मेख अशी, की वर मोजताना संपादकांना लिहिलेल्या पत्रांचे संदर्भही धरतात, पण खाली भागताना पत्रं धरत नाहीत, फक्त पूर्ण निबंध आणि आढावे धरतात. 2020 च्या फेब्रुवारीत, योकोहामाच्या बंदरात ते क्रूझ जहाज अडकून पडलं होतं त्या दिवसांत, शिगेमुरा आणि सहकाऱ्यांचं एक पत्र पीसीएननं ऑनलाइन टाकलं. छापील दोन पानांचं. नव्या विषाणूची भीती लोकांच्या मनावर काय करेल, आणि पेशंट, त्यांचे घरचे, डॉक्टर-नर्स यांपैकी कुणाकडे आधी लक्ष द्यायला हवं, एवढंच त्यात होतं. भूकंप, अणुभट्टीचा अपघात, भुयारी रेल्वेतला विषारी वायूचा हल्ला असे आघात पाहिलेल्या देशातून ते वेळेवर आलं, आणि कोविडवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं त्याचा संदर्भ दिला. 2020 हे साल 2021 आणि 2022 या दोन वर्षांच्या हिशेबात येतं. त्या दोन वर्षांत आकडा बाराच्या आसपास होता. 2023 च्या हिशेबातून 2020 गळालं आणि आकडा पाचावर आला. कोविडच्या लाटेचा यात मोठा वाटा आहे. जर्नल बिघडलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आणि बारा होता तेव्हा ते एका रात्रीत थोर झालं असंही नव्हतं. कोविडपूर्वी 2019 ला तो तीनच्या थोडा वर होता. पाच हा या जर्नलचा आजवरच्या चढाला साजेसा आकडा आहे.

मी आवाका मोजते तो वेगळ्या मापानं: तिथलं काही आपल्या टेबलावर येतं का? हिकिकोमोरीचं उदाहरण घ्या. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं खोलीतून बाहेर न पडणारी माणसं. जपान सरकारच्या 2022 च्या पाहणीच्या अंदाजानुसार 15 ते 64 वयोगटात अशी 14.6 लाख माणसं आहेत. 2018 मध्ये पीसीएनमध्ये यासाठी 25 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. गेल्या सहा महिन्यांविषयी विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, बेरीज 42 च्या वर गेली तर नीट चौकशी करा. आता ती वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत वापरली जाते. आणि हे फक्त जपानी दुखणं आहे का, हे तपासणाऱ्या एका चार देशांच्या अभ्यासात जपान, कोरिया आणि अमेरिकेबरोबर भारतही होता. मी स्वतः ती प्रश्नावली जशीच्या तशी वापरत नाही. आपल्याकडे वेगळी खोली असणं हीच चैन आहे. दोन खोल्यांच्या घरात माघार घेतलेला मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, जेवायला उठतो, पाहुणे आले की न्हाणीघरात जाऊन बसतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. पण त्या 25 प्रश्नांमुळे ‘तुझ्याशी मोकळं बोलता येईल असं कुणी आहे का’ हे मी आता न चुकता विचारते.

आणि आता तुमच्या विषयाला थेट भिडणारी गोष्ट. स्किझोफ्रेनियाला जपानीत ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’ म्हणत. शब्दशः, मन दुभंगण्याचा रोग. आपल्या ‘छिन्नमनस्कता’ला याहून जवळचा शब्द सापडणार नाही, दोन्ही एकाच युरोपीय शब्दाची लेकरं आहेत. ते नाव इतकं जड झालं होतं की डॉक्टर ते उच्चारतच नसत. ‘नसांचा अशक्तपणा’ वगैरे सांगून वेळ मारून नेत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या देशव्यापी संघटनेनं 1993 मध्ये संस्थेकडे मागणी केली की नाव बदला. जवळजवळ दहा वर्षं चर्चा, सर्वेक्षणं, समित्या झाल्या. 2002 च्या ऑगस्टमध्ये, योकोहामाला जागतिक मानसोपचार परिषद भरली असताना, नवं नाव जाहीर झालं: ‘तोगो शिच्चोशो’, म्हणजे मनाचं एकसंधपण ढळणं. ढळलेलं सावरता येतं, असा अर्थ त्यात येतो. आजाराचं नाव पेशंटला सांगितलं जाण्याचं प्रमाण तीन वर्षांत 36.7 टक्क्यांवरून 69.7 टक्क्यांवर गेलं. औषध तेच, डॉक्टर तेच, शब्द बदलला. पुढे कोरियानं आणि तैवाननंही आपापली नावं बदलली. कोरियन शब्दात तर तारा जुळवण्याची कल्पना आहे, वाद्याची तार सैल पडली असेल तर ती लावायची.

म्हणून तुमचा थीसिस या जर्नलच्या वाचकांना परका वाटणार नाही. हा प्रश्न त्यांनी स्वतः झेलला आहे.

पाठवताना काही गोष्टी करा. आमच्या पिढीनं केलेली चूक करू नका. मी एकदा एका परदेशी जर्नलला निबंध पाठवला होता, त्यात सगळे मराठी शब्द पुसून गुळगुळीत इंग्रजी केलं होतं. परीक्षकानं एकच विचारलं, पेशंट प्रत्यक्षात काय म्हणाले? माझ्याकडे उत्तर होतं, ते मी कागदावर ठेवलंच नव्हतं. निबंध परत आला. तुमच्या मुलाखतींत ‘डोक्यावर परिणाम’, ‘मेंदूची कमजोरी’, ‘बाहेरचं’, ‘टेन्शनची गोळी’ असे शब्द नक्की आले असतील. ते मूळ उच्चारासकट द्या, प्रत्येकाचा अर्थ द्या आणि डॉक्टरनं कोणता वापरला, आईनं कोणता, पेशंटनं कोणता, हे वेगवेगळं मांडा. ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द किती डॉक्टरांनी एकदा तरी तोंडानं उच्चारला, हा एक आकडा स्वतंत्र काढा. मला वाटतं तो फार लहान निघेल, आणि तो लहान निघणं हेच तुमचं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण ठरू शकतं. जपानी आकड्यांशी तुलना करा, पण त्यांच्या पाहणीत डॉक्टरांना विचारलं होतं आणि तुम्ही नातेवाइकांना विचारताय, हा फरक पहिल्याच परिच्छेदात सांगा. नमुना शंभराच्या आत असेल तर मुख्य जर्नलकडून लवकर नकार येण्याची शक्यता धरा आणि ‘रिपोर्ट्स’ची तयारी ठेवा. तिथे मजकूर छापायला पैसे लागतात. आधी कॉलेजकडे त्याची तरतूद आहे का विचारा.

आणखी एक. पीसीएनच्या मुखपृष्ठावर मानसिक आजारातून गेलेल्या कलाकारांची चित्रं असतात. अंक ऑनलाइन उघडलात तरी आधी तेवढं पाहा. माझ्या ओपीडीच्या बाकासमोर अशा एका मुखपृष्ठाची प्रिंट काढून लावली आहे. वाट पाहणारे त्याखाली बसतात. परवा एका पेशंटनं विचारलं, “हे कुणी काढलंय?” मी सांगितलं, “तुमच्यासारख्याच एकानं, जपानमधल्या.” तो उठून चित्राच्या अगदी जवळ गेला आणि त्याचा नंबर पुकारला तरी तिथेच उभा होता.